वरच्या बाजूचा माणूस

त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते बायकोलासुद्धा आठवावं लागायचं. कपाट असो, पलंग असो, आजीबाईंचं शिवणयंत्र असो, जिन्यावरून काहीही न्यायचं झालं की हा वरच्या बाजूला आणि पायरीपायरीला याचं ओरडणं, “सावकाश! सावकाश!” पहिल्याच वर्षी नाव चिकटलं. असं नाव असलेल्या माणसाच्या हातात लोक काचेचं कपाट बिनघोर देतात, म्हणून त्यानंही ते अंगावरून झटकलं नाही.

घरं हलवण्याचा धंदा दोघा भावांचा. एक टेम्पो, जाड पट्टे, जुनी ब्लँकेटं, दोऱ्या, पुठ्ठ्याची खोकी आणि चार हात. थोरला वर, धाकटा खाली. जिन्यावर ओझं चढत असो की उतरत असो, भार येतो तो खालच्यावर. वरच्यानं नुसतं धरून ठेवायचं आणि वाट दाखवायची. नुसतं म्हणायला. त्यानं सोडलं तर अख्खं कपाट खालच्याच्या छातीवर. मधे कपाट असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून बोलून खात्री करायची. एकानं विचारायचं, “धरलंय?” दुसऱ्यानं म्हणायचं, “धरलंय.”

या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं, हे त्यांच्या बापानं शिकवलं होतं. तोही हेच काम करून म्हातारा झाला. हात बधिर होऊ दे, साल निघू दे, डोळ्यांत घाम जाऊ दे, जिन्यावर म्हणायचं ते ‘धरलंय’च. कारण ‘सुटतंय’ म्हटलं की दुसरा दचकतो आणि दचकला की संपलं. जे काय रडायचं ते वळणावरच्या सपाट जागेत, ओझं टेकवल्यावर. दोघा पोरांच्या हाडांत हे इतकं मुरलं होतं की धाकटा तापानं फणफणलेला असताना वहिनीनं “बरं वाटतंय का, भावजी?” म्हणून विचारलं, तर तो पांघरुणातून म्हणाला, “धरलंय.” घरात कितीतरी दिवस यावर हसणं चाललं होतं.

मग एकदा एक वॉशिंग मशीन वळणावर फिरवताना सावकाशच्या कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. डॉक्टरनं दुखण्यावरच्या जबर गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. विश्रांती घेऊन टेम्पो कोण चालवणार? त्यानं गोळ्या तेवढ्या घेतल्या. पहिल्या गोळीनं कमरेचं दुखणं तर थांबलंच, पण बाकीचंही सगळं जरा बाजूला सरकलं. गिऱ्हाइकांची किरकिर, पुढच्या महिन्याची काळजी, बापाच्या मरणानंतर छातीत बसलेलं ते काहीतरी. त्या संध्याकाळी त्यानं गळका नळ दुरुस्त केला, बायकोची थट्टा केली, शेजाऱ्याच्या कुत्र्याचीसुद्धा विचारपूस केली. बायको खूश. बिचारीला काय माहीत की घरात कोण शिरलंय.

काही महिन्यांनी डॉक्टरनं गोळ्या लिहून देणं बंद केलं. तोवर कमर दुखते म्हणून गोळी लागते की गोळी मिळत नाही म्हणून कमर दुखते, हे सावकाशला सांगता येईना. आणि इथे त्याचा धंदाच त्याच्या मुळावर आला. लोक घर बदलतात ते पुष्कळदा कुणीतरी गेल्यावर. गेलेल्या माणसाचं शेवटचं दुखणं बाथरूमच्या फळीवर तसंच पडलेलं असतं. त्या फळीला हात लावायला घरच्यांना नको वाटतं. सावकाश म्हणायचा, “बाथरूमचं मी बघतो.” घरचे म्हणायचे, “औषधं टाकून द्या हो सगळी.” हा म्हणायचा, “टाकतो ना.” टाकायचा तो खिशात. धाकटा चिडवायचा, “दादाला आजकाल बाथरूमचा फार लळा लागलाय.” फळ्या पुरेनात तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानामागे उभा राहणारा एक माणूस पुरवठा करू लागला. त्या माणसाला कधी हाक मारावी लागत नसे. टेम्पो थांबला की तो आपोआप दिसायचा.

बायको आंधळी नव्हती. जेवताना घास हातात धरून नवरा पेंगायला लागला, नाक खाजवायला लागला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या. एखाद्या दिवशी गोळी नसली की जांभयांवर जांभया, नाकाला धार आणि एखादा शब्द कानावर पडला तरी भडका. तिनं एकदाच विचारलं. तो म्हणाला, “कमरेच्या गोळ्या आहेत.” तिनं पुन्हा विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटायला लागली होती.

आणि मग तो दिवस आला. तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवायचं होतं. सावकाशनं टेम्पोतच गोळी घेतली होती, नेहमीपेक्षा जरा जास्त. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून जिन्यावर ऊन पडलं होतं. ऊन मानेवर आलं, ऊबदार वाटलं, आणि उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला. क्षणभरच. लोखंड भिंतीवर खरवडल्याचा आवाज झाला आणि तो जागा झाला. कपाट चार पायऱ्या खाली जाऊन कठड्याच्या खांबाला अडकलं होतं. खालून धाकट्याचा गुदमरलेला आवाज आला, “दादा! धरलंय?”

“धरलंय,” सावकाश म्हणाला. त्याचे दोन्ही हात मोकळे, शरीराच्या बाजूला लोंबत होते.

खाली आल्यावर पाहिलं तर धाकट्याच्या सदऱ्याची बटणं गेली होती आणि छातीवर गळ्यापासून पोटापर्यंत लाल ओरखडा उठला होता. सावकाश म्हणाला, “पट्टा सटकला रे.” धाकटा हसला. “जुनाच झालाय तो. नवा घेऊ.” दुसऱ्या दिवशी खरंच नवा पट्टा घेतला, चांगला रुंद, पितळी बकलाचा. पण कपाट अडवणारा असा खांब प्रत्येक जिन्यावर नसतो, हे त्याला कळत होतं. आपण हे थांबवलं नाही तर एके दिवशी आपल्या हातून भाऊ मरणार, यात त्याला तिळमात्र शंका उरली नाही. तारीख तेवढी ठरायची होती.

त्यानं आधी आपल्या मनानंच सोडून पाहिलं. होत्या तेवढ्या गोळ्या मोरीत ओतल्या. घामानं गादी भिजली, पोटात पीळ पडले, पाय रात्रंदिवस आपोआप झाडले जायचे. बायकोनं दिराला सांगितलं, तापाची साथ आहे. शेवटी हा माणूस रांगत टेम्पोपर्यंत गेला आणि पान्यांच्या पेटीत विसरलेली एक गोळी शोधून त्यानं ती धुळीसकट गिळली. मग जुन्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर खुर्ची मागे सरकवून बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “म्हणजे व्यसनी झालात म्हणा की! मनावर घ्या जरा.” मनावर घ्यायचं औषध मात्र त्यानं लिहून दिलं नाही.

मग कुणीतरी गावाबाहेरच्या एका संस्थेचा पत्ता दिला. उंच फाटक, खिडक्यांना गज, आणि टेबलामागे किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेला एक गोडबोल्या माणूस. तो म्हणाला, “फोन, कमरेचा पट्टा, बुटाच्या नाड्या इथे ठेवा. काही महिने कुणाला भेटायचं नाही. आणि आमच्याकडे औषधबिवषध नाही हं. आमच्याकडे शिस्त.” वरच्या मजल्यावर कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत होतं, “मी ऐकीन, मी ऐकीन.” टेबलामागच्या माणसानं वर पाहिलंसुद्धा नाही. सावकाश म्हणाला, “पाकीट टेम्पोत राहिलं,” आणि त्यानं टेम्पो जो हाणला तो घराशीच थांबवला.

वाट सापडली ती भलत्याच ठिकाणी. चिठ्ठीशिवाय गोळ्या मागायला तो एका औषधाच्या दुकानात शिरला. काउंटरमागच्या बाईनं गोळ्या दिल्या नाहीत आणि हाकललंही नाही. तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाची पाठ वळेपर्यंत वाट पाहिली आणि हळूच विचारलं, “हे सुटावंसं वाटतंय का?”

सावकाशनं होकाराची मान हलवली.

“आरोग्य केंद्राच्या मागच्या बाजूला जा. रक्त तपासतात त्याच्या शेजारचं दार. जिभेखाली ठेवायची गोळी देतात. पाटी नाही दारावर.”

“पाटी का नाही?”

“लावली होती. लोकांनी दगड मारले.”

तो गेला, बायकोला घेऊन. अरुंद बोळात एक बाक होता. त्यावर गणवेशातला बसचालक, लोकर विणणारी एक मुलगी आणि एक शिक्षिका बसली होती. शिक्षिकेचं घर यानंच हलवलं होतं. तिनं ओळख दाखवली नाही, यानंही नाही. आतली डॉक्टरीण सर्दीनं बेजार होती, दर वाक्याला रुमाल. पण तिनं त्याला बसायला सांगितलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. सावकाशला तेवढ्यानंच रडू आलं.

“ब्युप्रेनॉर्फिन म्हणतात हिला,” ती म्हणाली. “तुमच्या गोळ्यांच्याच जातीची आहे, पण नशा चढवत नाही. तलफ मारते.”

“म्हणजे एक व्यसन काढून दुसरं द्यायचं?” बायकोनं विचारलं.

“तुमचे हे रोज जेवतील, झोपतील, शुद्धीवर राहून काम करतील. याला तुम्ही व्यसन म्हणाल का? बरेच महिने घ्यावी लागेल. कदाचित वर्षं.” मग ती त्याच्याकडे वळली. “आता नीट ऐका. जुनी गोळी तुमच्या डोक्यात खुर्ची अडवून बसलेली आहे. ती आपणहून उठायला हवी. ती बसलेली असताना ही आत गेली तर हिसका मारून तिला खाली पाडते, आणि मग जे हाल होतात ते विचारू नका. म्हणून आदल्या दिवसापासून काही घ्यायचं नाही. जांभया, घाम, अंगावर काटा, सगळं होऊ द्या. चांगले बेजार होऊन या. आणि मला खरं सांगा.”

ठरलेल्या दिवशी सकाळी सावकाश चांगलाच बेजार होता. पण नेमका धाकटा दारात हजर. “एकच फ्रिज आहे, दादा. पहिल्या मजल्यावर. दहापर्यंत मोकळे.” नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण त्यानं भावाला सांगितलेलंच नव्हतं. ज्याच्या हातांवर विसंबून कुणी फ्रिजखाली उभं राहतं, त्यानं आपले हात भरवशाचे नाहीत हे कोणत्या तोंडानं सांगायचं? हात तर लटलट कापत होते. या हातांनी फ्रिज धरायचा? भावाच्या डोक्यावर? त्यानं अर्धी गोळी घेतली. त्या अर्ध्या गोळीपुरता तो भावाचाच विचार करत होता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. फ्रिज सुखरूप वर गेला.

दुपारी डॉक्टरणीनं गोळी तळहातावर घेऊन विचारलं, “कालपासून काही घेतलं नाही ना?”

“नाही,” तो म्हणाला. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं होतं.

तिनं त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. “बाहुल्या अजून बारीक वाटतायत. नक्की?”

“नक्की. सगळं ठीक आहे.”

बायको शेजारीच होती. अर्ध्या गोळीचं तिला ठाऊक नव्हतं. त्यानं गोळी जिभेखाली धरली, कडू लाळ तोंडात साठवून मुकाट बसला. मग कुणीतरी आतून दार लाथाडावं तसं झालं. घामानं सदरा अंगाला चिकटला, दात वाजायला लागले, पोटातलं होतं नव्हतं ते बादलीत आलं. हाडं आतून कुणी पिळतंय असं वाटत होतं. मोरीत गोळ्या ओतल्यावर जे अनेक दिवसांत भोगलं होतं ते सगळं आता एकदम अंगावर आलं. “विष दिलंय मला!” तो किंचाळला आणि दाराकडे धावला. टेम्पोतल्या पान्यांच्या पेटीत अजून गोळ्या होत्या.

“आता बाहेर जाऊन जुन्या गोळ्या घेतल्यात तर त्या लागणार नाहीत,” डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज वर गेला नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. “मग तुम्ही आणखी घ्याल. मग आणखी. आणि मग झोप लागेल आणि श्वास घ्यायचा राहून जाईल.”

बायकोनं स्टूल ओढलं आणि दाराला पाठ लावून बसली. “मला तुडवून जायचं असेल तर जा,” ती म्हणाली. मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उमगलं. “अहो, काय घेतलं होतंत?”

“अर्धी. सकाळी. फ्रिज होता.”

“आणि त्या इतक्या खोदून विचारत होत्या तेव्हा तोंड शिवलं होतं का?”

“मधेच विचारलं त्यांनी,” सावकाश कळवळून म्हणाला. “मधे असताना असं सांगत नाहीत गं.”

“हा काय जिना आहे का, अहो!” ती ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली.

डॉक्टरीण मात्र रागावली नाही. तिनं ओकारीवरचं औषध दिलं, थोड्या वेळानं तीच जिभेखालची गोळी आणखी दिली, मग आणखी एकदा. संध्याकाळी पीळ सुटत गेले. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. तो खटखट आवाज ऐकता ऐकता सावकाश खुर्चीतच झोपला. बायको स्टुलावरून हलली नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी गोळी जिभेखाली आणि ती विरघळेपर्यंत तोंड बंद. बायको म्हणायची, लग्न झाल्यापासून इतकी शांतता पहिल्यांदाच मिळतेय. कमर दुखायची, पण हात त्याचे स्वतःचे होते. भीती मात्र गेली नाही. कोपऱ्यावरचा माणूस टेम्पो दिसला की नुसता हात वर करायचा आणि हसायचा. सासरे येता-जाता विचारायचे, “किती दिवस ही गोळी? पुरुषासारखा पुरुष तू.” आणि एकदा बाकावर बसचालक दिसला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. विणणारी मुलगी सुयांकडे बघत म्हणाली, “घरच्यांनी बंद करायला लावली होती. बरा झालास म्हणाले, आता कशाला. मग एकदा तलफ आली तेव्हा त्यानं जुन्या हिशेबानं घेतली. अंगाला सवय राहिली नव्हती. खुर्चीत सापडला.” त्यानंतर त्या बाकावर चालकाच्या जागी कुणी बसेना.

त्या दिवशी डॉक्टरणीनं सावकाशला विचारलं, “दिवसभर तुमच्याबरोबर कोण असतं?”

“भाऊ.”

“त्याला सांगा. एखाद्या दिवशी तुम्ही घसरलात तर आधी त्याला कळायला हवं.”

सांगायला त्यानं एक अक्रोडाच्या लाकडाचं कपाट निवडलं, किंवा त्या कपाटानं त्याला निवडलं म्हणा. वर नेताना वळणावर ते टेकवलं. वरून मालकीणबाई भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. मधे कपाट, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं, आणि तेच सोयीचं होतं. “ऐक,” सावकाश म्हणाला, “मी मधे गोळ्यांच्या नादी लागलो होतो. ते लोखंडी कपाट पट्ट्यामुळे सटकलं नव्हतं.”

“माहीत आहे,” खालून आवाज आला.

“तुझ्या वहिनीनं सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? मी तुझा भाऊ आहे ना.”

सावकाशनं विचारलं, “कधीपासून?”

“बऱ्याच आधीपासून.”

“आणि तरी खाली उभा राहायचास? गाढवा, वर यायचंस ना!”

“मग खाली कोण? तू?” धाकटा म्हणाला. “पेंगणाऱ्या माणसाच्या अंगावर कपाट सोडू? आणि काम बंद केलं असतं तर तू दुसरा कुणीतरी जोडीदार धरला असतास, नाहीतर घरी एकटा बसला असतास गोळ्या घेऊन. इथे निदान तुझा आवाज तरी ऐकू यायचा.”

सावकाशनं कपाटावर कपाळ टेकवलं.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” धाकटा पुढे म्हणाला, अगदी साध्या आवाजात, घरात निरोप सांगावा तसा. “मी सगळी व्यवस्था करून ठेवली होती. माझ्या बायकोला सांगून ठेवलं होतं, जिन्यावर मला काही झालं तर सगळ्यांना म्हणायचं, माझाच पाय घसरला. दादाचं नाव घ्यायचं नाही. नाहीतर तो त्या दिवशी सगळ्याच गोळ्या घेईल.”

वरून मालकीणबाईंनी विचारलं, “येताय ना हो?” सावकाश कपाटाला पाठ टेकून पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“दादा,” धाकट्यानं हाक मारली, “ऊठ. अजून दोन मजले आहेत.”

त्याला उठवेना.